करंट बिल आणि बदलाची वेळ

(मंडळाच्या कोठी येथील मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी थोडा आटोपशीर करून दिला आहे.)



सभेच्या पत्रकात विषय छापून आला, ‘विजेचा पुरवठादार बदलावा कधी?’, आणि दुसऱ्याच दिवशी बडी चावडीपाशी एका स्नेह्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “साहेब, बदलायला आपल्याकडे दुसरा आहे कुठे?” त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. हैदराबादेत घरगुती विजेला एकच दार. निजामी काळात हुसेन सागराच्या काठी वीजघर उभं राहिलं, ते इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे. मग १९५९ साली आंध्र प्रदेशाचं वीज मंडळ आलं, २००० साली त्यातून मध्य विभागाची वितरण कंपनी निघाली, २०१४ साली राज्य वेगळं झाल्यावर तिची दक्षिण तेलंगणा कंपनी झाली, आणि २०२४ साली नावातलं ‘टीएस’ जाऊन ‘टीजी’ आलं. मिंट कंपाउंडच्या पाट्या बदलत गेल्या, आपल्या घरात येणारी तार तीच राहिली. पाटी बदलताना आपल्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची पद्धतही नव्हती.

तरीही मी हा विषय घेतला, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांचे सोयरे मुंबईच्या उपनगरांत आहेत आणि बऱ्याच घरांची मुलं डॅलस, ह्यूस्टन नाही तर लंडनला आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि फोनवर आपला सल्ला विचारला जातो. दुसरं असं की हा प्रश्न आपल्याही दाराशी येण्याच्या वाटेवर आहे. २००३च्या वीज कायद्यानं एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देता येतो, पण तिनं स्वतःच्या तारा टाकल्या पाहिजेत. गल्लोगल्ली दुसरे खांब कोण रोवणार? म्हणून ती तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात म्हटलं होतं की असलेल्याच तारांवरून अनेक कंपन्यांना वीज विकू द्यावी. ते स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं विरून गेलं. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्र सरकारनं तशाच आशयाचा नवा मसुदा सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला. आज ना उद्या कुणीतरी गोड बोलणारा तरुण कोठीतल्या आपल्या जिन्यावर चढून येईल आणि म्हणेल, “अंकल, आमची वीज घ्या, युनिटमागे रुपया वाचेल.” त्याला काय विचारायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्या देशात हा प्रयोग घरगुती ग्राहकांवर मोठ्या प्रमाणावर झाला तो मुंबईच्या उपनगरांत. तो मी जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं आलं.

मुंबईत विजेचे चार मालक आहेत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. भांडुप-मुलुंडला महावितरण. आणि मधल्या उपनगरांत, म्हणजे वांद्रे ते दहिसर आणि पूर्वेला कुर्ला-चेंबूरच्या बाजूला, जुनी बीएसईएस. तिचं आधी रिलायन्सकडे हस्तांतर झालं आणि २०१८ साली ती अदानींकडे गेली. चौथी टाटांची कंपनी.  खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली तिची वीज मुंबईला आली. पण टाटा प्रामुख्यानं घाऊक व्यापारी. बेस्टला द्यायची, उपनगरातल्या कंपनीला द्यायची, गिरण्यांना आणि रेल्वेला द्यायची. घरोघरी बिल पाठवणं हा तिचा धंदा नव्हता.

भांडण लागलं ते इथंच. टाटांच्या परवान्यात किरकोळ विक्री बसते की नाही, यावर कज्जा सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ जुलै २००८ रोजी न्यायालयानं सांगितलं की बसते. पण टाटांच्या तारा उपनगरातल्या सोसायट्यांत होत्याच कुठे? त्यावर महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं १५ ऑक्टोबर २००९ रोजी आदेश दिला की ग्राहकानं रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घ्यावी आणि तारेचं भाडं, म्हणजे वहन आकार, भरावा. याला तिकडे ‘चेंजओव्हर’ म्हणतात. टाटांची स्वतःची तार इमारतीत आली आणि ग्राहक तिच्यावर गेला, तर तो ‘स्विचओव्हर’. पार्ल्यातल्या माणसाला आजही हे दोन शब्द पाठ असतात.

मंडळी, इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चेंजओव्हर केल्यानं घरात येणारी वीज बदलत नाही. इलेक्ट्रॉनवर टाटा-रिलायन्सचा शिक्का नसतो. विहिरीत चार जणांनी घागरी ओतल्या आणि तुम्ही एक शेंदून काढली, तर ती कुणाची, हे सांगता येत नाही; हिशेब वहीत होतो. बिल नव्या कंपनीचं येतं, आणि तार तुटली, दिवे गेले, तर धावून येतो तो जुन्याच तारवाल्याचा माणूस. त्यामुळे “त्यांची वीज जास्त स्थिर असते, दिवे जात नाहीत” असं कुणी सांगू लागला तर त्याला तार कुणाची, एवढंच विचारा.

तर आदेश निघाला आणि लोक निघाले. टाटांकडे खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जुनी जलविद्युत केंद्रं होती, तुर्भ्याचं औष्णिक केंद्र होतं. रिलायन्सकडे डहाणूचं एक केंद्र होतं, पण मागणी त्याहून कितीतरी मोठी. बाकीची वीज बाजारातून महाग दरानं घ्यावी लागे. साहजिकच टाटांचा दर कमी. पहिल्यांदा कोण गेले? मोठी हॉटेलं, मॉल, कार्यालयं, आणि एसी चालवणारी मोठी घरं, ज्यांचं बिल भलं मोठं होतं. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. स्वस्त मिळालं तर माणूस घेणारच.

पण जो गेला त्याच्या मागे एक गोष्ट राहिली. वीजदर असा बांधलेला असतो की जास्त वापरणारा आणि व्यापारी ग्राहक खर्चापेक्षा जास्त देतो आणि चाळीतला, झोपडीतला माणूस खर्चापेक्षा कमी देतो. शिवाय मागच्या वर्षांचा काही खर्च आयोगानं तेव्हाच्या बिलात घालू दिलेला नसतो. तो वहीत थकबाकी म्हणून पडून राहतो आणि पुढच्या ग्राहकांकडून हळूहळू वसूल व्हायचा असतो. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं, म्हणून सांगतो, अशी थकबाकी दिसत नाही पण ती असते. मोठे ग्राहक गेले की ही दोन्ही ओझी राहिलेल्यांच्या डोक्यावर. आणि राहिलेला कोण, तर ज्याचं बिल इतकं लहान की बदलण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही.

आयोगाच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. २०११ साली त्यानं ठरवलं की टाटांकडे गेलेल्यांनीही क्रॉस सबसिडी अधिभार भरावा आणि जुन्या थकबाकीतला आपला वाटा द्यावा. म्हणजे घर सोडून गेलेल्या भावाला मागच्या कर्जाचा हप्ता! अनेकांना धक्का बसला. त्यांनी बदल केला तेव्हा दरपत्रकाच्या दोन रांगा शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. मागून काय येईल, हे त्या रांगांत लिहिलेलं नव्हतं. पुढे ऑगस्ट २०१२मध्ये आयोगानं टाटांना सांगितलं की नुसते मलईदार ग्राहक उचलू नका. नव्यानं घ्यायचे तर महिना ३०० युनिटांच्या आतले घरगुती ग्राहक घ्या, आणि ठरावीक वॉर्डांत स्वतःचं जाळं टाका. त्यानंतर टाटांचेही दर वाढले आणि उलट ओघ सुरू झाला. पुढच्या वर्षांतही कधी या कंपनीचा दर खाली, कधी तिचा. त्याप्रमाणे माणसं गेली, आली, परत गेली.

यात फायदा कुणाला झाला? जे अगदी आधी गेले आणि ज्यांचं बिल मोठं होतं, त्यांना दोन वर्षं बरा झाला. जे शेजाऱ्याचं ऐकून उशिरा गेले, त्यांना फारसा नाही. आणि ज्यांनी आपला वापर कोणत्या टप्प्यात पडतो हे पाहिलं नाही, त्यांचा काहींचा तोटाच झाला. मुंबईत घरगुती दराचे चार टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. एका कंपनीचा पहिला टप्पा स्वस्त आणि तिसरा महाग, दुसरीचं नेमकं उलट, असं होऊ शकतं. मग “कोणती कंपनी स्वस्त?” या प्रश्नाला उत्तरच नाही. अंधेरीला माझा भाचा आहे. त्यानं मला हे विचारलं तेव्हा मी म्हटलं, “बाळा, मला कंपनीचं नाव सांगू नकोस. गेल्या बारा महिन्यांची बिलं पाठव.”

बारा का? एका महिन्याच्या बिलावर कधीच ठरवू नये. मे महिन्यात एसी चालतो, डिसेंबरात चालत नाही. हैदराबादेत तर एप्रिल-मेचं बिल आणि जानेवारीचं बिल एकाच घराचं आहे यावर विश्वास बसत नाही. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उभे मांडा. शेजारी दोन्ही कंपन्यांच्या दरानं प्रत्येक महिन्याचं संपूर्ण बिल काढा. त्यात वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार, इंधन समायोजन, जाणाऱ्याला लागणारा अधिभार, शासनाचं शुल्क, सगळं आलं पाहिजे. बेरजा करा. वर्षाचा फरक पाचशे रुपये निघाला तर हलू नका. पुढच्या दरपत्रकात तो पुसला जाईल. फरक बऱ्यापैकी निघाला, आणि नव्या दराचा आदेश अलीकडेच निघालेला असला, तर बदला. जुन्या आदेशाची मुदत संपत आलेली असताना बदलणं म्हणजे मोसम संपताना आंब्याची पेटी घेणं.

भाच्याची बिलं मी मांडली. फरक वर्षाला जेमतेम एका सिनेमाच्या तिकिटांइतका निघाला. तो आहे तिथेच आहे.

आता थोडं परदेशाविषयी. तिथं मामला वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १९९९ सालापासून प्रत्येक घराला पुरवठादार निवडता येतो. पण गंमत पाहा, २०१६ साली तिथल्या स्पर्धा प्राधिकरणानं चौकशी केली तेव्हा असं दिसलं की सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के ग्राहक आपोआप लागू होणाऱ्या महागड्या दरावरच बसून होते, आणि ग्राहक मिळून वर्षाला सुमारे १.४ अब्ज पौंड जास्त मोजत होते. निवडीचं स्वातंत्र्य असून लोकांनी ते वापरलं नाही. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०१९पासून नियामकानं कमाल मर्यादा घातली. मग २०२१ साली गॅसचे घाऊक भाव भडकले आणि स्वस्तात वीज विकणाऱ्या पंचवीसहून अधिक लहान-मोठ्या कंपन्या बुडाल्या. त्यातल्या ‘बल्ब’ नावाच्या एकीचे तर १५ लाखांहून अधिक ग्राहक होते. दिवे कुणाचे गेले नाहीत, दुसऱ्या कंपनीकडे ग्राहक सोपवले गेले; पण स्वस्त दर मात्र गेला. जो दर बाजारापेक्षा फारच खाली आहे, तो देणारा किती दिवस देऊ शकेल, हा प्रश्न तिकडच्या मुलांनी विचारला पाहिजे.

टेक्ससमध्ये २००२पासून बहुतेक शहरांत निवड आहे. आपल्या मुली-सुना तिथं दर वर्षी एक यादी घेऊन बसतात. तिथं मी दोनच गोष्टी सांगतो. दर बांधून घ्यावा, घाऊक बाजाराबरोबर हलणारा घेऊ नये. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथं भयंकर थंडीची लाट आली, वीजघरं गोठली, आणि घाऊक दर युनिटला ९ डॉलरवर जाऊन दिवसेंदिवस तिथंच राहिला. ‘ग्रिडी’ नावाची कंपनी घाऊक दर जसाच्या तसा ग्राहकाला लावत असे. एरवी त्यांचे ग्राहक खुश होते. त्या आठवड्यात काहींना हजारो डॉलरची बिलं आली आणि पुढे कंपनीच उरली नाही. दुसरी गोष्ट तारखेची. करार मोडला तर दंड असतो, पण मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या १४ दिवसांत तो लावता येत नाही. इंग्लंडमध्ये हीच सवलत ४९ दिवसांची आहे. त्या खिडकीत बदलायचं. आधी बदललं तर दंड, आणि विसरलात तर आपोआप महाग दर. मुलीला म्हणावं, कॅलेंडरवर वाढदिवसासारखी ही तारीख लाल पेनानं लिहून ठेव.

हे झालं लांबचं. आता कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा इथं राहणाऱ्यांनी काय करायचं? कंपनी एकच असली तरी तिच्या दरपत्रकात आपली जागा बदलते, आणि ती बदलण्याचा काही अधिकार आपल्या हातात आहे. खरं सांगायचं तर यात मुंबईच्या चेंजओव्हरपेक्षा जास्त पैसे आहेत.

२०२२-२३च्या दरपत्रकात तेलंगणात घरगुती दर असे ठरले: महिना १०० युनिटांच्या आत राहिलात तर पहिले ५० युनिट १ रुपया ९५ पैशांनी, पुढचे ५० युनिट ३ रुपये १० पैशांनी. १०० ओलांडलेत की पहिले शंभर ३ रुपये ४० पैशांनी आणि पुढचे ४ रुपये ८० पैशांनी. २०० ओलांडलेत की पहिले दोनशे सगळेच ५ रुपये १० पैशांनी, मग २०१ ते ३०० साठी ७ रुपये ७०, त्यापुढे ४०० पर्यंत ९ रुपये, आणि वर साडेनऊ-दहा. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यात गेलात तरी खालचे युनिट खालच्याच दरानं लागतात. आपल्याकडे तसं नाही. उंबरा ओलांडला की मागचेही महाग होतात.

आकडे मांडून पाहा. २०० युनिटांचं वीज आकाराचं बिल ८२० रुपये. २०१ युनिटांचं १,०२७ रुपये ७० पैसे. तो एक युनिट २०७ रुपये ७० पैशांना पडला! स्थिर आकार आणि शुल्क यात धरलेलं नाही. १०० आणि १०१ मध्ये असाच फरक ९२ रुपये ३० पैशांचा. आणि ज्यांना गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत शून्य बिल आहे, त्यांनी हा उंबरा ओलांडला तर शून्यावरून एकदम हजारावर. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी हे होऊ शकतं. त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नसतं, आपण सांगावं. महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी मीटरवर नजर टाकायची आणि मागच्या बिलावरचा आकडा वजा करायचा. १८५ दिसले तर गीझरऐवजी पाच दिवस चुलीवर पाणी. एवढा हिशेब चौथीतला मुलगा करतो.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी मात्र याहून मोठी गोष्ट आहे. आपल्या भागात एका मीटरवर दोन-तीन पोर्शन अजून चालतात. मालक खाली, भाडेकरू वर, एक-दोन खोल्यांत शिकायला आलेली मुलं. भाडेकरूला सब-मीटर लावून मालक एक ठरावीक दर घेतो, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा आपल्याला फसवतो आहे. मी एक उदाहरण घेतो. मालकाचे ११० युनिट, दोन भाडेकरूंचे ९०-९०. एकाच मीटरवर झाले २९०. बिल १,७१३ रुपये. तीन वेगळे मीटर असते तर भाडेकरूंचं प्रत्येकी २२१ रुपये ५० पैसे आणि मालकाचं ३८८ रुपये; एकूण ८३१. निम्म्याहून कमी. नवीन मीटरचा खर्च, ठेव आणि प्रत्येक मीटरचा थोडा स्थिर आकार वजा केला तरी पहिल्या वर्षाच्या आत हिशेब जुळतो. दोघांचाही फायदा आणि रोजची कुरबूर बंद. मात्र एक लक्षात ठेवा, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र वहिवाट असलेल्या पोर्शनलाच हे लागू आहे. एकाच कुटुंबानं स्लॅब फोडायला बैठकीला एक आणि माजघराला एक मीटर घेतला, तर नोटीस देऊन ते एकत्र करण्याचा कंपनीला अधिकार आहे. “भाडेकरूच्या नावाची नोंद झाली तर तो घर सोडायचा नाही,” ही भीती मी ऐकली आहे. मीटर मालकाच्याच नावानं घेता येतो, फक्त पोर्शन वेगळा दाखवावा लागतो. तरीही भाडेकरार लिहिताना वकिलाला विचारून घ्या.

गॅसचंही थोडं बोलतो, कारण तो प्रश्न बहुतेक घरांत वीजेआधी येतो. सिलिंडरचा वितरक आवडत नसेल तर २०१३-१४ पासून तो बदलता येतो. पण सिलिंडरचा भाव सगळीकडे जवळपास तोच, त्यामुळे हा बदल पैशासाठी नाही, सेवेसाठी. ज्यांच्या इमारतीत भाग्यनगर गॅसचा पाइप आला आहे त्यांचा हिशेब वेगळा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता म्हणजे पाइपच्या गॅसचे साधारण १७ ते १८ घनमीटर. म्हणून सिलिंडरच्या भावाला साडेसतरानं भागा. येणारा आकडा पाइपगॅसच्या घनमीटरच्या दरापेक्षा जास्त असेल तर पाइप स्वस्त. अनुदान मिळत असेल तर ते आधी वजा करा. एकट्या राहणाऱ्या आजींचा सिलिंडर तीन-चार महिने पुरतो. त्यांना बचत नगण्य, पण सिलिंडर उचलायचा नाही, नंबर लावायचा नाही, हे सुख मोठं. ते पैशात मोजू नये.

छतावरच्या सौर पॅनेलविषयी प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. फेब्रुवारी २०२४पासूनच्या केंद्राच्या योजनेत २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला सुमारे चार युनिट देतं. ज्यांचं बिल ४०० युनिटांचं आहे त्यांचे वरचे, नऊ रुपयांचे युनिट आधी कमी होतात, म्हणून त्यांना हे लवकर फिटतं. ज्यांचं बिल १५० युनिटांचं आहे त्यांनी घाई करू नये. आणि अपार्टमेंटमध्ये छत सगळ्यांचं असतं. तिथं पॅनेलपेक्षा सोसायटीची बैठक जास्त अवघड.

राहता राहिला तो गोड बोलणारा तरुण, जो उद्या आपल्या जिन्यावर येईल. त्याला आत बोलवा, चहा द्या. हैदराबादी माणूस दारातून कुणाला परत पाठवत नाही. पण सही करण्याआधी विचारा: हा दर किती महिन्यांसाठी बांधलेला आहे? जुन्या कंपनीच्या थकबाकीतला वाटा माझ्यामागे येणार का? मी परत येऊ म्हटलं तर काय भरावं लागेल? माझी ठेव परत कधी मिळेल? तार तुटली तर फोन कुणाला करायचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ५० युनिटवाल्या शेजाऱ्यालाही तुम्ही घेता का, की फक्त आमच्यासारख्या एसीवाल्यांना? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त तुम्हाला’ असं आलं, तर मुंबईची २०११ आठवा. आज जो दर कमी दिसतो त्यात उद्या अधिभार येणार, कारण राहिलेल्यांचं ओझं कुणीतरी उचलल्याशिवाय आयोग गप्प बसणार नाही. आणि बसू नयेही.

माझी वेळ झाली. पुढच्या महिन्याच्या सभेला, ज्यांना हवं असेल त्यांनी आपली गेल्या बारा महिन्यांची करंट बिलं एका पिशवीत घालून आणावीत. एका मीटरवर भाडेकरू असतील तर सब-मीटरची वहीही आणा. मंडळाच्या कपाटातला कॅल्क्युलेटर चालतो, हे मी आज बघून ठेवलं आहे. ज्यांची काही बिलं हरवली असतील त्यांनी बिलावरचा सर्व्हिस नंबर तेवढा आणावा. जुनी बिलं त्यावरून मोबाईलवर निघतात, आणि ती काढून द्यायला आपल्या मंडळातली दोन कॉलेजची मुलं तयार आहेत.